जे जेट त्या हवाई दलात कधी आलंच नाही: तुमच्या कल्पनेतलं कोणतं?

पत्रा_आणि_पुट्टी (धागाकर्ता)

मंडळी,

गेले चार महिने माझ्या टेबलावर साब २९ या स्वीडिश लढाऊ जेटचं १/७२ मापाचं मॉडेल पडून आहे. हेलरचं जुनं किट. स्वीडनमध्ये या विमानाला 'टुनान' म्हणतात, म्हणजे पिंप. नाव अगदी शोभून दिसतं. पुढे विहिरीसारखं गोल तोंड, मध्ये सुटलेलं पोट, आणि त्या पोटावर मांड ठोकून बसलेला वैमानिक. पण पंख मात्र मागे वळलेले! १ सप्टेंबर १९४८ ला पहिलं उड्डाण झालं, तेव्हा युद्धानंतरच्या पश्चिम युरोपात असे पंख असलेलं लढाऊ जेट उत्पादनापर्यंत दुसऱ्या कुणी नेलेलं नव्हतं.

मला त्यावर स्वीडनचे तीन मुकुट लावायचे नाहीत. भारतीय हवाई दलाच्या रंगात ते करायचं आहे. आपण टुनान कधीच घेतलं नाही, हे माहीत आहे. पण १९६१-६२ मध्ये काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर आपल्या ५ नंबर स्क्वाड्रनची कॅनबेरा बॉम्बर विमानं आणि स्वीडनची टुनान एकाच बाजूने उडत होती. कामिनाच्या तळावर आपल्या माणसांनी ते पिंप जवळून पाहिलं असणार, हात लावून पाहिला असणार. तेव्हापासून डोक्यात किडा आहे की हे आपल्याकडे आलं असतं तर?

तर हा धागा त्यासाठी. पहिल्या पिढीतलं एक जेट घ्या, साधारण १९४४ ते १९५५ मधलं, आणि ज्या हवाई दलाने ते कधी उडवलं नाही त्यांना द्या. अट एकच. नुसता रंग नको, कारण हवं. पैसे कुठून आले, इंजिन कोणाचं, कोण नाही म्हणालं असतं आणि का म्हणालं नाही, ते सांगायचं. मनात येईल ते चिकटवलं तर ते खेळणं होतं. कारण जुळलं की अंगावर काटा येतो.

चक्राची डिकॅल्स (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चित्रं) मी घरीच केली आहेत. सुरुवातीच्या काळात आपल्या विमानांवर अशोकचक्र असायचं ना, तीच. बोटाच्या नखाएवढ्या वर्तुळात २४ आरे! तीन वेळा छापून फुकट गेली, चौथ्यांदा जमली.

---

वाचनमात्र_नाही

मस्त धागा! खुर्ची ओढून बसलो आहे.

---

शाळामास्तर

छान विषय. एक बाळबोध प्रश्न विचारतो. आपल्याकडचं पहिलं जेट म्हणजे मिग ना?

---

पत्रा_आणि_पुट्टी

नाही मास्तर. मिग-२१ ची निवड १९६२ ची. त्याच्या आधी चांगली चौदा वर्षं आपण जेट उडवत होतो. पहिलं व्हॅम्पायर, नोव्हेंबर १९४८. मग १९५३ मध्ये फ्रान्सची 'उरागाँ', तिला आपण 'तुफानी' म्हटलं. १९५७ मध्ये मिस्टेअर आणि हंटर, आणि मागोमाग नॅट.

---

ओझरवाला_काका

मी ओझरला विमान कारखान्यात १९७४ साली लागलो, मिगच्या कामावरच निवृत्त झालो. तुमच्यासारखा अभ्यास नाही, पण एक सांगतो.

विमान आणणं म्हणजे पाने आणणं. तुम्ही म्हणता टुनान आणू. आणा. पण व्हॅम्पायरवर काम केलेल्या मेकॅनिकच्या पेटीत सगळे पाने इंचाच्या मापाचे. तुफानी आली ती मिलिमीटरची. म्हणजे दुसरी पेटी. दोन पेट्या एकाच हँगरमध्ये असल्या की चुकीचा पाना चुकीच्या नटाला लागतो, नटाच्या कडा झिजतात, मग तो नट छिन्नीने तोडून काढावा लागतो. आम्ही तर रशियन ड्रॉइंगवर शिकलेलो. पहिलं वर्षभर उशाशी शब्दकोश घेऊन झोपायचो. एका नव्या विमानामागे शिड्या, जॅक, चाकांचे पंप, ऑक्सिजनच्या नळ्यांचे जोड, सगळं नवं येतं. त्याची यादीच हाताच्या लांबीची होते.

म्हणून 'कारण' शोधताना हँगरच्या दारातून शोधा. मंत्र्याच्या टेबलावरून नको.

---

बाल्सा_बाई

काकांना +१००. आणि याच कारणासाठी माझं उत्तर टुनान नाही, व्हेनम आहे.

आपल्याकडे व्हॅम्पायर होतं, हिंदुस्तान एअरक्राफ्ट बंगळूरला ते परवान्याने बांधतही होती. व्हेनम म्हणजे व्हॅम्पायरचाच धाकटा भाऊ. तेच दोन शेपट्यांचं अंग, तीच बाल्सा आणि प्लायवूडची मधली शेंग, फक्त पंख पातळ आणि गॉब्लिनच्या जागी घोस्ट इंजिन. साचे बरेचसे तेच, कारागीर तेच, पाने तेच. स्वित्झर्लंडने नेमकं हेच केलं, आधी व्हॅम्पायर, मग व्हेनम, आणि दोन्ही घरी बांधली. इराकनेही व्हेनम घेतलं. आपण घेतलं नाही. भारतीय व्हेनम ही मला या सगळ्यातली सगळ्यात जवळची हुकलेली गाडी वाटते.

---

लोहगावकर

बाई, सगळ्यात शक्य आहे म्हणूनच सगळ्यात नीरस आहे. :) व्हॅम्पायरशेजारी उभं केलं तर दहा पावलांवरून फरक कळणार नाही.

आणि लाकडाचं काय? १९४४ मध्ये आपल्याकडच्या हवेत मॉस्किटोचे सांधे सुटले होते. विमानं थांबवून तपासावी लागली. त्यानंतर पुन्हा लाकूड?

---

बाल्सा_बाई

मॉस्किटो अख्खं लाकडी होतं, पंखांसकट. व्हॅम्पायर आणि व्हेनमचे पंख आणि शेपट्या धातूच्या, लाकूड फक्त वैमानिकाभोवतीच्या शेंगेला. आणि व्हॅम्पायर आपल्याकडे वर्षानुवर्षं टिकलं, तेव्हा लाकडाचा मुद्दा निकालात काढा.

नीरस म्हणालात त्याबद्दल. व्हॅम्पायरची ती शेंग मी एका संग्रहालयात आतून पाहिली आहे. रंग उडालेल्या जागी प्लायवूडचे थर दिसतात, अगदी आपल्या कपाटाच्या फळीला कडेने दिसतात तसे. ताशी आठशे किलोमीटरने जाणारी फळी! मला तरी त्यात नीरस काही दिसत नाही.

---

लोहगावकर

शब्द मागे घेतो.

---

स्टर्लिंग

सगळे इंजिनाच्या मागे लागलेत. मी पैशाच्या बाजूने येतो.

माझं जेट ग्लॉस्टर मीटिअर एफ-४. देश भारत, साल १९४८.

हे पाहा. १९४७ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनकडून १०० मीटिअर घेतली. त्या काळात एवढी जेट विमानं एकदम घेणारा दक्षिण अमेरिकेत दुसरा कोणी नव्हता. पैसे कुठून आले? युद्धकाळात अर्जेंटिनाने ब्रिटनला धान्य आणि मांस पुरवलं होतं, त्याचं देणं ब्रिटनकडे थकलं होतं. रोख द्यायला ब्रिटनकडे काही नव्हतं, तेव्हा विमानं दिली.

आता आपलं बघा. युद्धकाळात भारताने सैन्य, कापड, धान्य, पोलाद सगळं पुरवलं. त्याची नोंद लंडनच्या खात्यात पौंडांत झाली. स्वातंत्र्याच्या वेळी ब्रिटनने आपल्याला एक अब्ज पौंडांहून जास्त देणं होतं. हेच ते स्टर्लिंग बॅलन्सेस. ते एकदम काढता येत नव्हते, हप्त्या-हप्त्याने मोकळे होत होते. अशा वेळी कोणी म्हणालं असतं, 'रोख राहू दे, अर्जेंटिनासारखी शंभर मीटिअर द्या', तर?

मला हे कारण फार खरं वाटतं. तिथेही ब्रिटन कर्जदार होतं, इथेही होतं.

---

पत्रा_आणि_पुट्टी

स्टर्लिंगराव, दंडवत! याला म्हणतात कारण. माझं काँगो याच्यापुढे फिकं पडलं.

---

ओझरवाला_काका

हिशेब पटला. पण मीटिअर म्हणजे दोन इंजिनं. एका विमानामागे दोन इंजिनांचं ओव्हरहॉल. १९४८ मध्ये आपल्याकडे जेट इंजिन उघडून पुन्हा बसवणारे हात किती होते? व्हॅम्पायरला एक गॉब्लिन, तेही साधं. माझ्या मते ज्याने व्हॅम्पायर निवडलं त्याला हँगर माहीत होता.

---

लोहगावकर

काका, त्यात आणखी एक जोडा. मीटिअरचं एक इंजिन बंद पडलं की उरलेलं इंजिन विमानाला बाजूला ढकलतं, कारण दोन्ही पंखांत लांब लांब बसवलेली. वेग कमी असेल तर पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) कितीही दाबा, विमान पलटी खातं. एका इंजिनावर उतरण्याच्या सरावातच ब्रिटनने कितीतरी वैमानिक गमावले. एकूण अपघातांत शेकडो मीटिअर गेली. १९४८ मध्ये आपले वैमानिक स्पिटफायर आणि टेम्पेस्टवरून येणार. त्यांच्या हातात एकदम हे द्यायचं?

---

स्टर्लिंग

मान्य, ही बाजू मी धरली नव्हती. मग शंभर नाही, पंचवीस घ्या. एकच स्क्वाड्रन, अनुभवी लोकांचं. बाकी व्हॅम्पायर. माझा हट्ट फक्त एवढाच की तेव्हा दार उघडं होतं.

---

मांडवीकाठ

मी गोव्याहून. माझी कल्पना वेगळी आहे, जरा दुखऱ्या जागेची.

पोर्तुगालकडे १९५० च्या दशकात एफ-८४जी थंडरजेट होती. १९६१ मध्ये त्यांनी ती अंगोलात नेली, लुआंडाला. म्हणजे वसाहतीत जेट ठेवायची नाहीत असं काही नव्हतं. मग दाभोळीला चार-सहा आणून ठेवली असती तर? हवाई दल तेच, म्हणून अटीत बसत नसेल, पण गोव्याच्या आकाशात ती कधी उडाली नाहीत एवढं नक्की.

माझे वडील तेव्हा दहा वर्षांचे, घर वास्कोजवळ. १८ डिसेंबर १९६१ ची सकाळ ते आजही सांगतात. आधी खिडकीची तावदानं थरथरली, मग आवाज आला. आजीने चुलीवरची पेज तशीच टाकली आणि पोरांना घेऊन माडांच्या आडोशाला बसली. पुण्याहून निघालेली १२ कॅनबेरा होती ती, दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायला आलेली. विमानतळाची इमारत सोडून धावपट्टीच उखडायची असा हुकूम होता. त्या रात्री उरलेल्या तुकड्यावरून दोन प्रवासी विमानं पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना घेऊन निसटली. लढाऊ विमान तिथे एकही नव्हतं.

वडील म्हणतात, बरं झालं नव्हतं. एक जरी वर गेलं असतं तर बॉम्ब धावपट्टीवर पडले नसते, कुठेही पडले असते. मी मॉडेल करतो, पण हे एक मी कधी करणार नाही. लिहून मात्र ठेवलं.

---

पत्रा_आणि_पुट्टी

अट बाजूला ठेवा. हे लिहिलंत यासाठी आभार. वडिलांना नमस्कार सांगा.

---

लोहगावकर

मांडवीकाठ, वडिलांचं बरोबर आहे. तांत्रिक बाजूनेही फारसं काही झालं नसतं. एफ-८४ ला धावपट्टी फार लागायची, त्यावरून अमेरिकेत त्याची टिंगल व्हायची. धावपट्टीच पहिल्या तासात फोडल्यावर ते हलणार कुठून? १९ तारखेच्या संध्याकाळी तर शरणागती झालीसुद्धा.

---

वाचनमात्र_नाही

जरा हलकं काहीतरी. टुनान आपल्याकडे आलं असतं तर नाव काय ठेवलं असतं? उरागाँ म्हणजे वादळ, म्हणून 'तुफानी'. मग पिंपाचं काय?

---

शाळामास्तर

'रांजण'.

---

बाल्सा_बाई

'घागर'. आणि स्क्वाड्रनचं नाव पाणीपुरवठा. :))

---

मांडवीकाठ

आमच्याकडे 'भाण'.

---

ओझरवाला_काका

'गदा'. पुढे जाड, मागे निमुळती. आणि दणका पण तसाच.

---

पत्रा_आणि_पुट्टी

गदा! ठरलं. नाकावर तेच लिहिणार.

---

लिंकोपिंगहून

या शहरात राहतो म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. साबचा कारखाना इथलाच, आणि माल्मेनला हवाई दलाचं संग्रहालय आहे. तिथलं टुनान मी दर हिवाळ्यात एकदा तरी बघून येतो, मुलालाही नेतो.

फोटोत ते बुटकं दिसतं. समोर उभं राहिलं की हवेच्या तोंडात डोकं घालून आरपार बघावंसं वाटतं. ती नळी वैमानिकाच्या बुडाखालून सरळ इंजिनापर्यंत जाते, म्हणूनच पोट. चाकं अंगातच मिटतात, त्यामुळे ती जवळजवळ आहेत. विमान उभं असताना लहान मुलाने पाय जुळवून उभं राहावं तसं दिसतं.

आता कारणाबद्दल. स्वीडनने ६६१ टुनान बांधली, १९५६ पर्यंत. सगळी स्वतःसाठी. तटस्थ देश, शेजारी सोव्हिएत युनियन, विकायला शिल्लकच नव्हती. बाहेर गेली ती फक्त ऑस्ट्रियाला, ३०, तीही वापरलेली आणि १९६१ मध्ये. म्हणजे १९५२ मध्ये भारताने मागितली असती तर रांगेत शेवटचा नंबर लागला असता.

काँगोचं मात्र एक सांगतो, धागाकर्त्यांना उपयोगी पडेल. १९६२ च्या शेवटी चीनचं युद्ध झालं म्हणून भारताने कॅनबेरा परत नेली. त्यानंतर कोल्वेझीवरचे हल्ले टुनाननेच केले. आणि १९६३ मध्ये मोहीम संपल्यावर त्यातली बरीच विमानं परत नेणं परवडेना म्हणून कामिनालाच मोडून टाकली.

---

पत्रा_आणि_पुट्टी

अरे! मग तीच भारताने घेतली असती तर? युद्ध नुकतंच संपलंय, आपल्याला विमानं हवी आहेत, ती आयती पडून आहेत...

---

लोहगावकर

नाही हो. १९६३ मध्ये आपल्याकडे हंटर होतं, नॅट होतं, मिग-२१ येत होतं. आपण अमेरिकेकडे एफ-१०४ मागत होतो, त्यांनी दिलं नाही. अशा वेळी १९४८ च्या रचनेची आठ-दहा थकलेली विमानं घेऊन काय करायचं? काकांची नवी पेटी पुन्हा आणायची?

---

ओझरवाला_काका

पेटी मी देणार नाही.

---

चाकोरीबाहेर

इतका वेळ वाचत होते. मला या धाग्याचा थोडा रागच येतोय, माफ करा. जे आपल्याकडे कधी नव्हतं त्यासाठी एवढी मेहनत. आणि जे होतं त्याचं काय? आमच्या गावात एका चौकात एक जुनं लढाऊ जेट उभं केलं आहे. दर दोन वर्षांनी त्यावर ऑइल पेंट फासतात, लोखंडी गेटला देतात तसा. गेल्या वेळी वर्तुळाचे रंग उलटे काढले, हिरवा बाहेर आणि केशरी आत! मी अर्ज दिला, कोणी दखल घेतली नाही. कल्पना करण्याआधी खरं ते तरी नीट जपूया.

---

बाल्सा_बाई

ताई, तुमचं दुखणं खरं आहे. पण वर्तुळात केशरी बाहेर आणि हिरवा आत हे आज किती जणांना ठाऊक आहे? जे या छंदात आहेत त्यांनाच. कल्पनेतलं विमान करायचं म्हटलं तरी खऱ्याचा अभ्यास करावाच लागतो. मी व्हेनमसाठी व्हॅम्पायरचे जेवढे फोटो पाहिले तेवढे खऱ्या व्हॅम्पायरच्या मॉडेलसाठी कधी पाहिले नव्हते.

त्या चौकातल्या विमानाचे चारही बाजूंनी फोटो टाका. वर्तुळाची मापं आणि रंगांचे नमुने मी काढून देते, त्यासकट पुन्हा अर्ज करू.

---

चाकोरीबाहेर

टाकते. रविवारी काढते फोटो.

---

नेने_नव्हे_नीन

आडनावामुळे या इंजिनावर माझं प्रेम आहे, म्हणून माझी कल्पना त्यावरून.

रोल्स रॉइसचं 'नीन' (आम्ही घरात 'नेने'च म्हणतो) हे त्या काळातलं सगळ्यात फिरलेलं इंजिन. १९४७ च्या सुमारास ब्रिटनने ते सोव्हिएत युनियनला विकलं आणि मिग-१५ ला हृदय मिळालं. आपल्या तुफानीत फ्रान्समध्ये बांधलेलं नीन. पाकिस्तानच्या पहिल्या जेटमध्ये, १९५१ च्या अटॅकरमध्येही नीन. (आणि त्या जेटला शेपटीखाली चाक! उभं राहिलं की झोत सरळ जमिनीवर.) विक्रांतवरच्या सी हॉकमध्ये नीन. आणि अर्जेंटिनाच्या पुल्की-२ मध्येही नीन.

पुल्की-२ म्हणजे कुर्ट टांक यांचं विमान. जर्मनीत त्यांनी फॉक-वुल्फ १९० केलं, युद्धानंतर ते अर्जेंटिनात गेले. १९५० मध्ये पुल्की-२ उडालं, मागे वळलेले पंख, उंच शेपटीवर आडवी फळी. दोन वैमानिक अपघातात गेले, पैसे संपत गेले, १९५५ मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष पेरॉन सत्तेवरून गेले आणि टांक यांचंही तिथलं बस्तान उठलं. ते कुठे आले? बंगळूरला! आणि आपलं मारुत हे लढाऊ जेट तयार झालं, १७ जून १९६१ ला उडालं.

माझी कल्पना अशी की टांक चार वर्षं आधी आले असते आणि सोबत पुल्की-२ चे आराखडे घेऊन आले असते तर? इंजिन तुफानीमुळे ओळखीचं. कारखान्याला व्हॅम्पायरचा हात बसलेला. मारुतचं रडगाणं काय होतं? अंग आवाजाच्या वेगापलीकडचं आणि इंजिन त्याला न पुरणारं. ऑर्फियस इंजिनाचं ताकदवान रूप पुढे गेलंच नाही, मग जे हातात होतं तीच दोन बसवली. इजिप्तचं ई-३०० इंजिनही मारुतवर बसवून पाहिलं, तेही मार्गी लागलं नाही. पुल्कीचं तसं झालं नसतं. जेवढं इंजिन तेवढंच विमान.

---

लोहगावकर

वा! फक्त एक. मिग-१५ हे टांक यांच्या युद्धकाळातल्या टा-१८३ ची नक्कल, असं आता कोणीतरी म्हणेल. आधीच सांगतो, तसं नाही. टा-१८३ तर कागदावरच राहिलं, कधी उडालंच नाही. पंख मागे वळवण्याचं जर्मन संशोधन सगळ्यांनीच वाचलं होतं. मिगचं रूप ठरवलं ते नीनच्या जाडीने.

---

ओझरवाला_काका

नेनेसाहेब, 'जेवढं इंजिन तेवढंच विमान' हे आमच्या शॉपमध्ये भिंतीवर लिहायला हवं होतं. मारुतवर काम केलेले आमचे एक वरिष्ठ होते, बंगळूरहून बदलून आलेले. ते म्हणायचे, अंगाला हात लावला की डोळ्यात पाणी यायचं, इतकं देखणं विमान. आणि मग इंजिनाचं पॅनेल उघडायचं.

तरी ७१ मध्ये लोंगेवालाला त्याने काम केलं, हे विसरू नका.

---

बाल्सा_बाई

मला तर पुल्की एकदम पटलं. टांक यांना आपल्याकडेच चुकून-माकून दुसरं आयुष्य मिळालं, तर पुल्कीला का नको?

---

लिंकोपिंगहून

उलटी उदाहरणंही घ्या ना. विमान दारात येऊन उभं राहिलं तरी उडवलं नाही, असंही झालंय. २५ एप्रिल १९४५ ला एक जर्मन मेसरश्मिट २६२ स्वित्झर्लंडला ड्यूबेनडॉर्फला उतरलं. जगातलं सगळ्यात पुढारलेलं जेट, सहीसलामत. स्विस लोकांनी ते बारा वर्षं ठेवलं आणि १९५७ मध्ये जर्मनीला परत केलं. एकदाही उडवलं नाही. आता म्युनिकच्या संग्रहालयात आहे. इंजिनंच जेमतेम काही तास टिकणारी, सुटे भाग कुठून आणणार? चेकोस्लोव्हाकियात भाग शिल्लक होते, त्यांनी मोजकी बांधून उडवली.

---

लोहगावकर

आणि नॅट! ब्रिटनमध्ये जन्मलेलं लढाऊ नॅट ब्रिटनच्या हवाई दलाने कधी घेतलंच नाही. १९५८ मध्ये एडनच्या उन्हात चाचणी घेतली आणि हंटर निवडलं. घेतलं ते फक्त दोन आसनी, प्रशिक्षणासाठी. फिनलंडने १३ घेतली, युगोस्लाव्हियाने तर नुसती पाहण्यासाठी २. आणि आपण त्याच्यावर ६५ आणि ७१ लढलो, निर्मलजीत सिंग सेखोंचं परमवीरचक्र त्याच्यावरचं. आज कोणी ब्रिटिश मॉडेलवाला ब्रिटनच्या हवाई दलाच्या रंगात लढाऊ नॅट करत असेल, तर त्याच्यासाठी ती कल्पना आहे आणि आपल्यासाठी घरातली गोष्ट.

---

पत्रा_आणि_पुट्टी

लोहगावकर, तुमच्या 'नुसती पाहण्यासाठी २' या तीन शब्दांनी माझं काम झालं!

स्वीडन शंभर देणार नाही, पटलं. पण दोन? १९५२ मध्ये आपण व्हॅम्पायरच्या पुढचं जेट शोधतच होतो. फ्रान्सचं पाहिलं. शेजारी स्वीडनची दोन पाहण्यासाठी आणली असती, वर्षभर उडवली असती, आणि शेवटी तुफानीच घेतली असती. टुनानचं घोस्ट इंजिन म्हणजे गॉब्लिनच्याच घराण्यातलं, त्यामुळे मेकॅनिक अगदी परका नाही. काका, दोन विमानांना उसनी पेटी चालेल?

---

ओझरवाला_काका

दोन असतील तर स्वीडनचा माणूस पेटी घेऊन स्वतः येईल. चालेल.

---

स्टर्लिंग

एक अडचण आहे. १९५२ म्हणालात. अशोकचक्राचं वर्तुळ स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांचं. १९५० मध्ये प्रजासत्ताकाबरोबर तिरंगी वर्तुळ आलं. तुमची २४ आऱ्यांची डिकॅल्स या विमानावर बसणार नाहीत.

---

पत्रा_आणि_पुट्टी

अरे देवा. खरंच की. तारखा मीच लावल्या आणि माझ्याच लक्षात आलं नाही.

पण स्टर्लिंगराव, तुमचं मीटिअर १९४८ चं आहे ना?

---

स्टर्लिंग

आहे. किट कपाटात आहे, डबा अजून फोडला नाही.

---

पत्रा_आणि_पुट्टी

पत्ता निरोपातून कळवा. उद्या कुरियर करतो. पाण्यात वीस सेकंदांहून जास्त ठेवू नका, आरे सुटतात. मी माझ्यासाठी तिरंगी छापतो. केशरी बाहेर, हिरवा आत, चाकोरीबाहेर ताईंची आठवण ठेवून.

---

चाकोरीबाहेर

ताईंनी फोटो काढलेत. चोवीस आहेत. नव्या धाग्यात टाकते. बाल्सा_बाई, तिथे या.

---

स्टर्लिंग

दहा दिवसांनी लिहितोय. पाकीट पोचलं. भिंगाखाली मोजले, चारही वर्तुळांत पूर्ण २४ आरे आहेत. डाव्या पंखावरचं काल रात्री बसवलं, वीस सेकंद घड्याळ लावून. सरकवताना एकदा जीव वर आला, पण बसलं. आता चांदीच्या रंगावर ते निळं चक्र दिसतंय, आणि आमची आई, जिला यातलं काही कळत नाही, ती विचारते, हे आपलं विमान का रे?

पुढचा प्रश्न. मीटिअरच्या शेपटीवरच्या पट्ट्यासाठी केशरी कोणता वापरू? बाटलीतला फार नारिंगी येतोय.

---

बाल्सा_बाई

लाल अजिबात घालू नका. पिवळ्यात थोडा तपकिरी. उद्या नमुना टाकते.